कोकराचं पांघरूण

१

गिरणी बंद झाली की घरात नवऱ्याचं काळीज ऐकू यायचं, आणि अंजलीला त्याचं काहीच वाटायचं नाही.

पाटोद्याच्या बाहेर, मांजरसुंब्याच्या रस्त्याला शहादेवची पिठाची गिरणी. पुढं गिरणी, मागं राहायच्या दोन खोल्या, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला लागूनच सुंदररावांचं रान. दिवसभर पट्टा फिरायचा, जातं घरघरायचं, दळण घेऊन आलेल्या बाया एकमेकींशी ओरडून बोलायच्या. दुपारी जेवणासाठी गिरणी थांबवली की एकदम शांत व्हायचं, आणि त्या शांततेत शहादेवच्या छातीतली झडप वाजायची. खट्, खट्, खट्. लहानपणी त्यानं सांधेताप अंगावर काढला, त्यात हृदयाची एक झडप गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या जागी बनवलेली झडप बसवली. ती उघडमीट करते तशी वाजते. सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. सवय झाली, पण शहादेवपेक्षा अंजलीलाच. तिला त्या आवाजाशिवाय झोप लागेना. माहेरी गेली की रात्रभर कूस बदलत राहायची आणि सकाळी भावजयीला सांगायची, तुमच्याकडं डास लई आहेत.

झडपेच्या जोडीला रोजची एक गोळी होती, रक्त पातळ ठेवणारी. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी बसते आणि झडप अडकते, म्हणून ती चुकवायची नाही. शहादेव काही आठवणीनं गोळी खाणारा गडी नव्हे. रोज संध्याकाळी अंजली एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापुढं उभी राहायची, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवा म्हणायची. बायका हसायच्या. शहादेवही हसायचा आणि तोंड उघडून दाखवायचा.

अंजली जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांवर तिचा विश्वास नाही. तिच्या घरात तो तीन पिढ्या नाही. आज्यानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीला सोडले आणि त्यांच्या सोबतीनं भुतंही निघून गेली, असं तिचे वडील हसून सांगायचे. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते अशा बाईच्या बाबतीत झालं.

२

भादव्यात गिरणीचा पट्टा तुटला आणि त्यानं शहादेवचा डावा हात ओढून घेतला. हाड वाचलं, पण मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. पाटोद्याला बांधून दिलं आणि तसंच बीडला पाठवलं.

बीडच्या ज्या खासगी दवाखान्यात त्याला ठेवलं, तिथं रक्त काही थांबेना. धो धो वाहत नव्हतं, नुसतं पाझरत होतं. पट्टी बदलावी, तासाभरात ती लाल. टाके घालायला तिथं कातडीच नव्हती. रक्त द्यायचं आणि ते हातातून पुन्हा जायचं, म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरण्याची गत. तिथल्या सर्जन डॉ. दिपाली वयानं लहान होत्या, पण बोलायला सरळ. गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी बसेल, चालू ठेवली तर हात वाहत राहील, असं त्यांनी अंजलीला बाजूला घेऊन सांगितलं. इकडं आड, तिकडं विहीर. अंजलीनं विचारलं, मग मधे काय आहे?

तेव्हा डॉक्टरांनी लोकरीचं सांगितलं. पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेनं मेंढीच्या लोकरीतून एक पूड काढली होती. अजून ती बाजारात आलेली नव्हती, काही दवाखान्यांत तिची चाचणी चालू होती. तुमची तयारी असेल तर, असं त्या म्हणाल्या. अंजलीला केराटिन ठाऊक होतं. केस, नखं, शिंगं, खूर, पिसं, सगळी त्या एकाच प्रथिनाची पोरं, हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. तेच प्रथिन लोकरीतून धुऊन, गाळून, वाळवून घेतलेलं. रक्तात पडलं की ते फुगतं, त्याचा लगदा होतो, रक्तातले गुठळी धरणारे कण त्याला चिकटतात, आणि नव्या कातडीला वर चढायला आधार मिळतो. शिक्षकाच्या सवयीनं तिनं विचारलं, लोकर कुठली?

"तुमच्याच माळावरची," डॉक्टर म्हणाल्या. "ही जाड लोकर आता घोंगडीलासुद्धा कुणी नेत नाही. मेंढपाळ टाकून देतात, तीच पोत्यानं उचलतात."

पूड अगदी बाजरीच्या बारीक पिठासारखी होती. डॉक्टर ती जखमेवर भुरभुरू लागल्या तेव्हा ग्लानीत पडलेल्या शहादेवनं डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाला, "दळन झ्याक हाय." पुडीचा लगदा झाला, लगद्याची साय झाली. सगळे त्या सायीकडं बघत उभे राहिले. तिच्याखालून लाल वर येईल म्हणून वाट बघितली, आणि ते आलं नाही.

अंजली बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं लावून रडली. रडताना तिला एवढंच कळत होतं की आभार मानायचे आहेत. डॉक्टरांचे तर मानलेच, पण तेवढ्यानं पोट भरेना. कुणाच्या तरी अंगावरची लोकर आपल्या माणसाच्या अंगावर चढली आणि तो राहिला, ही गोष्ट तिच्या मनात ठाण मांडून बसली.

३

दिवाळीपर्यंत हात भरून आला. पुडीनंतर त्याच लोकरीच्या लगद्याची मऊ पट्टी असायची, दर आठवड्याला बदलायची. पट्टी ओली झाली की पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास यायचा. खाली नवी कातडी आली होती, फिकट आणि मऊ, लहान लेकराच्या पोटरीसारखी. शहादेव पुन्हा गिरणीवर बसायला लागला. नवा पट्टा आला, त्याला जाळीही बसवली. अंजली शाळेतून येताना रस्त्यावरूनच गिरणीची घरघर ऐकायची आणि तिला गहिवरून यायचं.

त्याच सुमाराला सुंदररावांनी बाजरी काढलेल्या रानात मेंढ्या बसवल्या. आपल्याकडं हे चालतंच. मेंढपाळानं काही दिवस कळप रानात बसवायचा, लेंड्या-मुतानं रान कसदार होतं, शेतकऱ्यानं त्याला धान्य द्यायचं. नाथा आणि मंजुळाबाई हे जोडपं आलं होतं. घोडं, कोंबड्या, रात्री कळप कोंडायची जाळीची वाघर आणि काळ्या-करड्या मेंढ्यांचा मोठा कळप. अंजलीनं मंजुळाबाईला गाठून विचारलं, तुमची लोकर कुठं जाते? ती म्हणाली, मागल्या कातरणीची पुण्याच्या टेम्पोनं नेली, कशाला नेली ते काही ठावं न्हाई.

लोकर हिच्याच कळपाची होती असं थोडंच? माळावर कळप काय कमी आहेत? पण अंजलीला हात जोडायला एक ठिकाण हवं होतं, ते सापडलं. तिनं साडी-चोळी घेतली, डबाभर पीठ घेतलं, शहादेवला नवा सदरा घालायला लावला आणि संध्याकाळचं ऊन असताना त्याला घेऊन रानात गेली. मंजुळाबाई साडी घेईना. अंजलीनं तिला सगळी हकीकत सांगितली, आणि पटावं म्हणून शहादेवच्या हाताची पट्टी सोडून दाखवली.

कळप वाघरीत शिरत होता. त्यातली एक काळी मेंढी थांबली. ती वळली, बाकीच्यांच्या अंगावरून वाट काढत आली आणि तिनं शहादेवच्या हाताला नाक लावलं. मनगटापासून कोपरापर्यंत तिनं सावकाश हुंगलं. मग ती चाटायला लागली, आणि चाटताना घशातल्या घशात घुमायला लागली. शहादेव गुदगुल्या झाल्यासारखा हसला. घामाचं मीठ चाटते आहे, अंजली म्हणाली.

मंजुळाबाई हसली नाही. "हिचं कोकरू गेलं मागल्या महिन्यात," ती म्हणाली. "तवापसून कुनाला आंगाला लावून घेत न्हाई. आन ह्यो आवाज मेंढी फकस्त लेकराला काढती."

मग तिनं आपल्या कामातली एक रीत सांगितली. एखादीचं कोकरू मेलं आणि कळपात दुसरं एखादं पोरकं असलं, तर मेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर पांघरायचं. माय वास घेते, आपलंच म्हणते आणि पाजते. दोन-चार दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी मग ती त्याला सोडत नाही. "म्हंजी आता मला दूध मिळायचं का मावशी?" शहादेवनं विचारलं. यावर मंजुळाबाई हसली खरी, पण हसता हसता हातातली काठी तिनं मेंढीच्या आणि त्याच्या मधे आडवी धरली.

४

रविवारची दुपार. जेवून शहादेव मागच्या खोलीत आडवा झाला होता आणि अंजली त्याच खोलीत बसून पोरांच्या उत्तरपत्रिका तपासत होती. गिरणी बंद, रस्ता रिकामा. खट्, खट्, खट्. कुणी तरी फुलाचे भाग लिहिताना पाकळीच विसरलं होतं. तिनं खूण केली, पान उलटलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आवाज उजव्या कानाला येतोय. शहादेव तिच्या डावीकडं होता. उजवीकडं भिंत होती.

तिनं लाल पेन खाली ठेवला. आवाज परावर्तित होतो, हे तिनं कितीदा शिकवलं होतं. खोली बदलली, पत्रा तापला, बाज हलवली, की आवाजाची वाट बदलते. तिनं जागा बदलून बघितली. खोलीच्या मध्यात उभी राहिली, दारात उभी राहिली. शेवटी शहादेवजवळ गेली आणि त्याच्या छातीवर वाकली. तो गाढ झोपला होता, श्वास संथ चालला होता, अंग कोमट होतं. आवाज नव्हता. मग तिनं भिंतीला कान लावला. तिथं तो होता, अगदी भिंतीच्या पाठीला लागून.

ती गिरणीला वळसा घालून रानात गेली. उन्हात मेंढ्या नेहमी करतात तसं कळपानं केलं होतं. एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून सगळ्या उभ्या होत्या, नुसत्या पाठी दिसत होत्या, तोंड एकीचंही नाही. काळी मेंढी तेवढी वेगळी, घराच्या भिंतीला कूस टेकून उभी होती. अंजली जवळ गेली तरी ती हलली नाही. सगळा कळप धापत होता, आणि त्या धापांत अंजलीला दुसरं काही वेगळं काढता आलं नाही. ते बरंच झालं, असं तिला वाटलं.

परत आली तर शहादेव उठून बसला होता. "कावून उन्हात हिंडायलीस?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, सहज. दगडी भिंत आहे, सांधे पोकळ आहेत, आवाज फिरतो, असं तिनं स्वतःला बजावलं आणि चहा टाकला. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि डासांवर ढकलायला ती माहेरीही नव्हती.

५

त्यानंतर अंजली कानानं जगायला लागली म्हटलं तरी चालेल. नाथा कळप घेऊन डोंगराकडं जायचा, ती बाजू लांब पडायची. तो लांब गेला की शहादेवचा हात गार पडायचा आणि मनगटाजवळ, जिथं जखम सगळ्यात खोल होती, तिथं रक्ताचा एक थेंब यायचा. मोहरीएवढा. पुसला की पुन्हा यायचा. कळप परतायच्या थोडा आधी शहादेव हातातलं दळण सोडून रस्त्याकडं मान वर करायचा, आणि मग थोड्या वेळानं घुंगरं ऐकू यायची. तोवर हात कोरडा झालेला असायचा. तिनं त्याला विचारलं, कसं कळतं? तो म्हणाला, काय कसं कळतं? त्याला आपण मान वर केल्याचंच माहीत नव्हतं.

योगायोग मोजायला बसलं तर सगळंच योगायोग दिसतं, असं तिचं तिनंच म्हटलं. दुपारी जखम तडतडते, संध्याकाळी गारव्यानं आवळते. झालं.

बीडला दाखवायला जायचा दिवस आला. जीप मांजरसुंब्याचा घाट उतरून पुढं गेली आणि शहादेवच्या पांढऱ्या बाहीवर लाल ठिपका आला. बीड येईस्तोवर बाही चिकट झाली. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बारकाईनं बघितलं, प्रवासात घासलं असेल म्हणाल्या आणि नवी पट्टी लावली. रक्ताचा रिपोर्ट उत्तम होता, पातळपणा हवा तेवढाच. मग त्यांनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. नळी काढली, कानात घालायची टोकं पुसली, पुन्हा लावली. शेवटी त्यांनी यंत्रावर हृदय बघितलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर झडपेच्या दोन पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, घड्याळासारख्या नेमानं. आवाज तेवढा नव्हता.

"भोवती पेशी वाढल्या की आवाज दबतो कधी कधी," डॉ. दिपाली म्हणाल्या. "झडप छान चाललीये मॅडम. काळजी करू नका." त्या खरंच आनंदात होत्या. एवढ्या पातळ रक्ताच्या माणसात एवढी सुंदर कातडी आली, हे त्या सगळ्यांना बोलावून दाखवत होत्या. अंजलीनं त्यांच्यासाठी घरच्या तुपातले लाडू नेले होते. ते देताना तिचे डोळे भरून आले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हा माणूस भादव्यातच गेला असता. तो तिच्या शेजारी बसून लाडवाच्या डब्याकडं बघत होता, याहून मोठं काय?

परतीच्या वाटेवर घाट चढला आणि रक्त थांबलं.

६

मग अंजली एकदाची त्या मेंढीकडं गेली. शाळा सकाळची होती, अकराच्या उन्हात ती घरी न जाता सरळ रानात शिरली. शहादेव गिरणीवर होता, पट्ट्याचा आवाज येत होता. काळी मेंढी वाघरीच्या कडेला एकटी बसली होती. अंजली तिच्याजवळ गुडघ्यावर बसली, इकडं तिकडं बघितलं आणि साडीचा पदर आवरून तिच्या बरगडीला कान लावला.

लोकर उन्हानं तापली होती. आधी पोटातलं गुरगुरणं आलं, मग रवंथाची लय. आणि त्या सगळ्याखाली, आतल्या खोलीतून यावा तसा, खट्, खट्, खट्. तिला तो हजार आवाजांत ओळखू आला असता. इतकी वर्षं ती त्याच्याजवळ झोपली होती. ती उठली नाही. पळावं असं मनात आलं होतं, पण अंग ऐकेना, कारण बऱ्याच दिवसांनी तिला तो आवाज मिळाला होता. ती तशीच ऐकत राहिली.

मागं मंजुळाबाई येऊन उभी राहिली होती. तिनं काय ऐकायलात म्हणून विचारलं नाही. अंजलीनंच मान वर केली आणि म्हणाली, ही मेंढी मला द्या. म्हणाल ती किंमत देते, दारात ठेवते, लेकीसारखी सांभाळते.

"तुमी सांभाळताल बाई, पन ती जगायची न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "एकली मेंढी जगत न्हाई. खात न्हाई, पीत न्हाई, नुसती भितीकडं तोंड करून हुभी ऱ्हाती. आन ती मेली मंजी?"

सुंदररावांचं रान बसून झालं होतं, चारा संपला होता. उद्या आम्ही निघणार, घाट उतरून खाली, पार गोदावरीच्या काठाला, असं मंजुळाबाईनं जमिनीकडं बघत सांगितलं. अंजलीच्या मनात बीडच्या वाटेवरची ती बाही आली. ते तर नुसतं बीड होतं.

तिनं आणखी विचारलं, थांबता नाही का येणार? मंजुळाबाईनं कळपाकडं हात केला. एका मेंढीपायी सगळा कळप उपाशी कसा ठेवणार? अंजलीलाही ते समजत होतं. ती घरी आली. येऊन भाकरी टाकल्या, शहादेवला वाढलं. तो नेहमीसारखा जेवला, नेहमीसारखी त्यानं ठेच्याला नावं ठेवली, आणि ती त्याच्याकडं बघत राहिली.

७

सकाळी ऊन वर आल्यावर कळप हलला. शाळेला रविवारची सुट्टी होती. ती शहादेवला खोलीत बसवून चहा आणायला गेली. तो जाऊ नये म्हणून काही दाराला कडी लावली नव्हती, नवऱ्याला कोण कोंडतं? चहा घेऊन आली तर बाज रिकामी होती आणि गिरणीचं दार सताड उघडं.

ती रस्त्यावर आली. पुढं धूळ, धुळीत पाठी. काळ्या, करड्या, हलणाऱ्या. त्यांच्यामधे एक पांढरा सदरा दिसत होता, पण माणसाच्या उंचीवर नव्हता. तो पाठींच्या बरोबरीनं चालला होता, खाली मान घालून, तितकाच सावकाश. मग धूळ आडवी आली. पुन्हा विरळ झाली तेव्हा शहादेव ताठ चालत होता आणि त्याचा डावा हात काळ्या मेंढीच्या पाठीवर होता. आधीचं काय दिसलं याबद्दल अंजलीनं तेव्हाही विचार केला नाही आणि नंतरही करत नाही.

ती धावली. "अहो," तिनं हाक मारली. "अहो, थांबा." कुणी थांबलं नाही. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. शिकलेली असली तरी जीभ वळायची नाही, बाया त्यावरूनही चिडवायच्या. आता तिनं नावानं हाक मारली.

"शहादेव."

पहिली मान वळली ती काळ्या मेंढीची. मग तिच्या शेजारच्या मेंढीची, मग पुढच्या, मग सगळ्या कळपाची. रस्ताभर सगळी तोंडं तिच्याकडं झाली आणि घुंगरं थांबली. सगळ्यात शेवटी शहादेव वळला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, भीती नाही, ओळखही नाही, नुसतं बघणं होतं.

अंजली त्यांच्यात शिरली. मेंढ्यांनी तिला वाट दिली. काळ्या मेंढीपुढं ती धुळीत बसली आणि तिनं हात जोडले. काही मागण्यासाठी हात जोडायचे नसतात, असं बापानं शिकवलेली ही बाई. पण हात जोडले आणि जोडल्याची तिला लाज वाटली नाही.

"तुजे उपकार हायेत," ती म्हणाली. "ते फिटायचे न्हाईत, फेडते असं म्या म्हनत बी न्हाई. पन माजं मानूस मला ऱ्हाऊ दे."

मेंढीनं तिच्या हातांना नाक लावलं. मग ती शहादेवकडं वळली, त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत एकदा चाटला आणि चालायला लागली. कळप तिच्यामागं निघाला. मागून येणाऱ्या मंजुळाबाईनं अंजलीचा दंड धरून तिला उठवलं, तिच्या साडीची धूळ झटकली आणि म्हणाली, "आता मागं बगू नका बाई. ह्यास्नी घेऊन घरला जावा." तिच्या अंगावर अंजलीनं दिलेली साडी होती. नाथानं घोड्याला टाच दिली आणि ते गेले.

अंजलीनं शहादेवचा उजवा हात धरला. डाव्याला हात लावायचं तिला धाडस झालं नाही. गिरणीच्या दाराशी आल्यावर तो म्हणाला, "चहा गार झाला आसंल." तेव्हा ती पायरीवरच बसली.

८

दुपार झाली. कळप आता घाटाच्या तोंडाशी असेल, आता उतरत असेल, आता पायथ्याला, असं अंजली मनात धरत होती आणि दर थोड्या वेळानं पट्टी उचलून बघत होती. मनगट कोरडं. शहादेव कंटाळला. आता दाखवायला काय राहिलंय का, म्हणाला, आणि आडवा झाला. तिनं गिरणी उघडूच दिली नव्हती. दळणाला आलेल्या दोघी-तिघींना तिनं उद्या या म्हणून परत लावून दिलं होतं.

ऊन कललं. मनगट कोरडंच होतं, कातडी गुलाबी आणि गरम. तिनं पट्टी नीट बांधली. मग बाजेच्या कडेला बसली आणि बसल्या बसल्या तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. माणूस राहिला होता. डॉ. दिपालीचं भलं होवो, त्या प्रयोगशाळेत लोकर धुणाऱ्यांचं भलं होवो, मंजुळाबाईचं, नाथाचं, त्या काळ्या माउलीचं भलं होवो, असं ती एकेकाला आठवून म्हणत होती. इतकं भरून तिला बीडच्या व्हरांड्यातही आलं नव्हतं.

शहादेव झोपला होता. झडपेचा आवाज येणार नाही हे तिला माहीत होतं. तो आता घाटाखाली गेला होता, आणि तिनं ते मनोमन कबूल केलं होतं. तरी सवयीनं ती वाकली आणि त्याच्या छातीवर कान ठेवला.

आत शांत नव्हतं.

आधी तिला वाटलं, श्वास असेल. मग वाटलं, आपल्याच केसांची सळसळ. तिनं केस मागं सारले, श्वास धरला आणि कान घट्ट लावला. आत गवत तुटत होतं. बारीक, कोवळं गवत, दातांत धरून हिसकलेलं. एक तोंड नाही, पुष्कळ तोंडं, जवळ आणि लांब. ती चरत पुढं सरकत होती, आणि सरकताना पायाखाली वाळकी पानं वाजत होती. ते रान मोठं असावं. काही आवाज इतक्या लांबून येत होते की एका माणसाच्या छातीत तेवढी जागा असत नाही.

तिच्या तोंडून बारीकसा हुंदका निघाला.

आतलं चरणं थांबलं. एकदम, सगळीकडं. रानात चरणाऱ्या कळपाला कुणाची चाहूल लागली की तो मान वर करून उभा राहतो, तसं. कुणीतरी ऐकतंय हे तिकडं कळलं होतं. आणि शहादेवचा श्वास, जो आत्तापर्यंत संथ चालला होता, तोही वरच्या वर थांबून राहिला.

अंजलीनं डोकं उचललं नाही. उचललं तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं आणि करून बघायचंही नव्हतं. तिनं डोळे मिटले, त्याच्या सदऱ्यावर हात पसरून ठेवला आणि लेकराला झोपवताना बोलावं तसं, अगदी हळू म्हणाली, "चरा गं बायांनो, चरा. म्याच हाय. घरचीच हाय."

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर रस्त्यानं एक टेम्पो गेला. मग आत, पार दुरून, एका तोंडानं गवताची एक काडी तोडली. मग दुसऱ्यानं. शहादेवची छाती तिच्या गालाखाली वर आली, खाली गेली, आणि तो झोपेतच कुशीवर वळला.